बास्कमधली हिवाळी सहल: आधी सुट्ट्या मांडा, मग शहरं

प्रश्न ठाण्याच्या एका कुटुंबाचा आहे. नवरा-बायको, अकरा वर्षांची मुलगी आणि बहात्तर वर्षांच्या सासूबाई. मुलीच्या शाळेला १९ डिसेंबर २०२६ ते ३ जानेवारी सुट्टी आहे, त्यात दहा-अकरा दिवस स्पेनच्या उत्तरेकडच्या बास्क भागात यायचंय. बिल्बाओ, सान सेबास्तियान आणि जमलं तर फ्रान्सच्या बाजूचं बायोन. ते विचारतात, "नाताळात तिकडे सगळं बंद असतं म्हणतात. मग तेव्हाच यावं, की शाळा बुडवून जानेवारीत यावं? आम्ही शाकाहारी आहोत, सासूबाई अंडंही खात नाहीत."

शाळा बुडवू नका. डिसेंबरातच या, आणि १९ लाच पोचा, कारण तुमच्या सहलीतला सगळ्यात चांगला दिवस २१ तारखेला आहे. तो चुकला तर पुढचं सगळं पाहूनही हा भाग पाहिला असं मी म्हणणार नाही.

मी गेली चौदा वर्षं बिल्बाओत राहते आणि आपल्याकडच्या कुटुंबांच्या सहली आखून देते. सुरुवातीला मीही शहरांची यादी करायचे आणि त्यात दिवस भरायचे. आता उलट चालते. कागदावर आधी तारखा आणि वार लिहिते, त्यावर सुट्ट्या मांडते आणि मग कुठल्या रात्री कुठे मुक्काम हवा ते ठरवते. उन्हाळ्यात हे केलं नाही तरी निभावतं. हिवाळ्यात सुट्ट्यांच्या वेळी तुम्ही चुकीच्या गावात असलात की दिवस हातचा जातो, आणि बरोबर गावात असलात तर तोच दिवस घरी परतल्यावर वर्षभर सांगत बसता.

इथल्या सुट्ट्यांची रचना आधी समजून घ्या. स्पेनमध्ये वर्षाला १४ सार्वजनिक सुट्ट्या असतात. काही साऱ्या देशाच्या, काही प्रदेशाच्या, आणि दोन सुट्ट्या प्रत्येक नगरपालिकेच्या स्वतःच्या. म्हणून २० जानेवारीला सान सेबास्तियान सुट्टीवर असतं आणि शंभर किलोमीटरवरच्या बिल्बाओत लोक नेहमीसारखे कचेरीत बसलेले असतात. त्यात पुन्हा बास्क लोकांचा मुलूख दोन देशांत आणि तीन कारभारांत विभागलेला आहे. बिल्बाओ, सान सेबास्तियान आणि व्हितोरिया बास्क स्वायत्त प्रदेशात, पाम्प्लोना नवार्रात, बायोन आणि बियारित्झ फ्रान्समध्ये. तिघांची कॅलेंडरं वेगळी. हा गोंधळ वाटतो खरा, पण हाच तुमच्या कामाला येणार आहे, ते पुढे सांगते.

नवार्राची स्वतःची सुट्टी ३ डिसेंबरला. ही तारीख गोव्याच्या माणसाला सांगावी लागत नाही. जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या बासिलिकेत ज्यांचं शव ठेवलंय ते फ्रान्सिस झेवियर, आपला ‘गोंयचो सायब’, १५०६ साली नवार्रातल्या हाविएरच्या किल्ल्यात जन्मले. झेवियर हे त्या गावाचंच नाव, आणि ते आलंय बास्कमधल्या ‘एचे बेर्री’वरून, म्हणजे नवं घर. त्यांची मातृभाषाही बास्क होती, म्हणून बास्क भाषेचा दिवसही ३ डिसेंबरलाच पाळतात. एका गोवेकर जोडप्याला मी हौसेने याच दिवशी पाम्प्लोनाला पाठवलं होतं. तिकडे काकांच्या रक्तदाबाच्या गोळ्या हॉटेलात सांडल्या, गटारात गेल्या, आणि औषधांची दुकानं बंद. मला फोन. तेव्हापासून हे मी प्रत्येकाला सांगते: बंद दुकानाच्या दारावर त्या दिवशी उघड्या असलेल्या दुकानाचा कागद लावलेला असतो. त्याला ‘फार्मासिया दे ग्वार्दिया’ म्हणतात, पाळीचं औषधांचं दुकान. सासूबाईंच्या गोळ्या दोन पिशव्यांत विभागून आणा, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर कंपनीचं नाव नको, औषधाचं मूळ नाव लिहून घ्या.

दुसरा शब्द ‘पुएन्ते’. म्हणजे पूल. सुट्टी मंगळवारी आली की सोमवारही खाऊन टाकायचा आणि शनिवारपासून पूल बांधायचा. ६ डिसेंबर हा संविधान दिन आणि ८ डिसेंबर हा मेरी मातेचा सण, दोन्ही देशभराच्या सुट्ट्या. २०२६ मध्ये ६ ला रविवार आहे आणि ८ ला मंगळवार. म्हणजे त्या चार दिवसांत अर्धं माद्रिद सान सेबास्तियानच्या खानावळींत उभं असणार आणि खोल्यांचे भाव चढलेले असणार. त्याच दिवसांत दुरांगो नावाच्या गावात बास्क पुस्तकांची आणि संगीताची जत्रा भरते, १९६५ पासून. पुस्तकवेड्यांनी जरूर यावं, बाकीच्यांनी हे दिवस टाळावेत. तुमचा त्याच्याशी संबंध नाही, पण बजेट काढताना कुणी "डिसेंबर फार महाग" म्हणालं तर ते बहुधा याच पुलावर सापडले होते असं समजा.

आता २१ तारीख. सान्तो तोमास.

ही सरकारी सुट्टी नाही, त्यामुळे छापील याद्यांत ती सापडत नाही. पूर्वी डोंगरातली शेतघरं, त्यांना ‘बासेर्री’ म्हणतात, कसणारी कुळं या दिवशी जमीनमालकाचा खंड द्यायला शहरात यायची. येताना कोंबड्या, भाज्या, चीज, जे असेल ते विकायला आणायची, आणि खंड भरून झाला की उरलेल्या पैशांत बाजारहाट करून परतायची. कुळं गेली, खंडही गेला, जत्रा मात्र राहिली. आज शहरातली पोरंसोरं शेतकऱ्यांचे पारंपरिक कपडे घालून निघतात: निळा-काळा सदरा, डोक्याला रुमाल, पायात लोकरीचे मोजे आणि चामड्याचे वहाणवजा जोडे. सान सेबास्तियानच्या प्लासा दे ला कोन्स्तितुसिओन चौकात एक भलंमोठं डुक्कर पाहायला ठेवलेलं असतं आणि त्याची सोडत निघते. बिल्बाओत जत्रा भरते आरेनालमध्ये, जुन्या गावाच्या तोंडाशी, नदीकाठी. दोन्हीकडे मंडप, भोपळे, कांद्याच्या माळा, कोबीचे एवढे मोठे गड्डे की फोटोत खोटे वाटावेत.

आणि ‘तालो’. हे नीट सांगते, कारण तुमच्या सासूबाईंसाठी तेच महत्त्वाचं. मक्याचं पीठ, कोमट पाणी, मीठ. मळून गोळा करायचा, दोन्ही तळव्यांनी थापत थापत गोल करायचा आणि लोखंडी तव्यावर टाकायचा. बस. माझी आई कराडहून पहिल्यांदा आली तेव्हा तिला मी थेट तालोच्या मंडपासमोर नेऊन उभं केलं. ती पाच मिनिटं काही बोलली नाही. मग म्हणाली, "पीठ नीट मळलेलं नाही गं, कडा चिरताहेत बघ." समोरच्या बाईंना मराठी कळणं शक्यच नव्हतं, पण सूर कळला असावा. त्यांनी हसून एक गोळा आईसमोर धरला. आईने थापला. पातळ, एकसारखा, कडा साफ. रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि तो तालो आईला फुकट मिळाला. त्यानंतर तिला गुगेनहाइम संग्रहालय दाखवलं, समुद्र दाखवला, पण घरी फोनवर गोष्ट सांगितली ती भाकरीचीच.

तालोत नेहमी चिस्तोर्रा नावाचा डुकराच्या मांसाचा बारीक, लाल, तेलकट सॉसेज गुंडाळून देतात. तुम्ही ‘केसो’ म्हणा, इदियासाबालचं मेंढीच्या दुधाचं चीज घालून मिळेल. चॉकलेट घातलेलाही मिळतो, मुलीला तो आवडेल. फक्त तवा पाहून घ्या. काही मंडपांत चिस्तोर्रा वेगळ्या कढईत असतं, काही ठिकाणी त्याच तव्याच्या कोपऱ्यात. सासूबाईंना चालणार नसेल तर दोन मंडप पुढे जा, जत्रा मोठी असते. आणि एक, जे कुणी चीजवाला सांगणार नाही: इदियासाबाल चीज कोकराच्या पोटातल्या रेनेट नावाच्या विरजणाने बनवतात. काटेकोर शाकाहारी असाल तर चॉकलेटचाच घ्या, किंवा कोरा.

वेळ महत्त्वाची. साडेदहापर्यंत पोचा, एकच्या आत निघा. दुपारनंतर जत्रा तरुणांची होते, सिडर, म्हणजे सफरचंदाची दारू, आणि वाइनची होते, आणि सासूबाईंना धक्के बसतील. या वयाच्या माणसांबरोबर मी बिल्बाओतलीच जत्रा सुचवते. सान सेबास्तियानचा चौक देखणा आहे, पण चारी बाजूंनी बंद असल्यामुळे गर्दीत अडकलं की बाहेर पडता येत नाही.

२०२६ मध्ये वारही तुमच्या बाजूने आहेत. २० ला रविवार, दुकानं आणि सुपरमार्केट बंद, पण गुगेनहाइम रविवारी उघडं. २१ ला सोमवार, त्या दिवशी संग्रहालयं साधारणपणे बंद, पण जत्रा आहे. म्हणजे रविवारी संग्रहालय, सोमवारी जत्रा. लोक नेमकं उलट करतात आणि सोमवारी बंद दारासमोर फुलांच्या कुत्र्याबरोबर फोटो काढून परत येतात. तो कुत्रा, जेफ कून्सचा ‘पपी’, बाहेरच बसलेला असतो, त्याला सुट्टी नाही.

२२ ला मेट्रोने पोर्तुगालेतेला जा. तिथे १८९३ सालचा लोंबकळता पूल आहे. वर ४५ मीटरवर लोखंडी तुळई, तिला तारांनी टांगलेला पाळणा, आणि त्या पाळण्यात गाड्या आणि माणसं नदी ओलांडतात. जगातला या जातीचा पहिला पूल, २००६ पासून जागतिक वारसा यादीत. तिकीट किरकोळ आहे, प्रवास दीडेक मिनिटाचा. मुलगी दोनदा जायचं म्हणेल, जाऊ द्या.

२३ ला बसने सान सेबास्तियान. सव्वा तासाचा रस्ता. लहान गाड्यांची एक आगगाडीही जाते, गावागावांतून, सुंदर आहे, पण अडीच तासांहून जास्त लागतात. सासूबाई बरोबर असताना बसच बरी. तिकिटावर किंवा पाटीवर ‘दोनोस्तिया’ दिसलं तर घाबरू नका, ते सान सेबास्तियानचंच बास्क नाव. तसंच बिल्बाओचं बिल्बो, व्हितोरियाचं गास्तेइस, पाम्प्लोनाचं इरुन्या. दरवर्षी कुणीतरी ‘चुकीची’ बस म्हणून बरोबर बस सोडून देतं.

२४ तारखेचा दिवस दोन भागांत मोडतो. सकाळी अकरापासून दुपारी तीन-चारपर्यंत जुनं गाव तुडुंब. नोकरीवरचे मित्र, बाहेरगावाहून सणाला आलेली भावंडं, सगळे रस्त्यावर ग्लास घेऊन उभे. संध्याकाळी ओलेन्त्सेरोची मिरवणूक. ओलेन्त्सेरो म्हणजे डोंगरातला कोळसेवाला, गोलमटोल पोट, डोक्यावर बेरे, तोंडात पाइप, चेहरा काजळलेला. इथल्या मुलांना नाताळची खेळणी तो आणतो. बरोबर मारी दोमिन्गी नावाची त्याची सोबतीण असते. मुलं त्याला पत्रं लिहून देतात. तुमच्या मुलीला आधीच सांगा, मराठीतलं पत्र लिहून आणू दे. माझ्या एका पाहुण्यांच्या मुलाने तसं केलं होतं, आणि ओलेन्त्सेरोने गंभीरपणे ते पत्र उलटसुलट करून पाहिलं आणि खिशात ठेवलं.

मिरवणूक संपली की जादूसारखं गाव रिकामं होतं. हा घरच्या जेवणाचा सण आहे, आपल्या लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळसारखा. खानावळी बंद, बस लवकर थांबतात, टॅक्सी मिळणं कठीण. हॉटेलात जेवण असलंच तर ते ठरवून केलेलं महागडं, आणि त्यात शाकाहारी काहीच नाही. म्हणून सान सेबास्तियानला हॉटेल घेऊ नका, स्वयंपाकघर असलेलं घर घ्या. २४ ला दुपारी एकपर्यंत भाजी, दूध, ब्रेड घरात आलंच पाहिजे. वार पुन्हा पाहा: २५ ला शुक्रवार, बंद. २६ ला शनिवार, उघडं. २७ ला रविवार, बंद. म्हणजे मधला एकच दिवस दुकानाचा. दोन खेपांत सामान भरावं लागेल हे लक्षात ठेवा. डाळ, तांदूळ, मसाले बिल्बाओहूनच घेऊन निघा. तिथल्या सान फ्रान्सिस्को वस्तीत आशियाई किराणा मिळतो.

२५ ला काही ‘पाहायचं’ ठेवू नका, चालायचं ठेवा. ला कोन्चाची खाडी अर्धचंद्रासारखी आहे, काठाने सपाट फरसबंदी, बाकं जागोजागी. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेलं की एदुआर्दो चिल्लिदाची पोलादी शिल्पं खडकांतून बाहेर आलेली दिसतात, नाव ‘वाऱ्याचा कंगवा’. भरतीला लाट खाली शिरते आणि फरशीतल्या भोकांतून हवा आणि पाणी सूं करून वर उडतं. भरतीची वेळ पाहून जा, नाहीतर ती भोकं नुसती भोकं दिसतात. नाताळच्या दिवशी तिथे जेवून आलेली सगळी खानदानं हळूहळू फिरत असतात, आजी मध्ये, नातवंडं नव्या सायकलींवर. तुमचंही कुटुंब त्यात सहज मिसळून जाईल.

आता ते तीन कॅलेंडरांचं. २६ डिसेंबरला फ्रान्सच्या बास्क भागात सुट्टी नसते आणि २०२६ मध्ये तो शनिवार आहे, म्हणजे बायोनचा बाजाराचा दिवस. सान सेबास्तियानहून ‘तोपो’ नावाची गाडी, तोपो म्हणजे जमिनीखाली बिळं खणणारा ‘मोल’ हा प्राणी, कारण ती बोगद्यांतून जाते, चाळीसेक मिनिटांत सीमेपलीकडे ऑंदायला सोडते. तिथून फ्रेंच गाडीने तासाच्या आत बायोन. पासपोर्ट चौघांचेही बरोबर हवेत, फ्रेंच पोलीस गाडीत तपासतात. बायोनमध्ये चॉकलेटची जुनी दुकानं आहेत. स्पेन-पोर्तुगालमधून हाकलले गेलेले ज्यू इथे आले आणि चॉकलेट बनवण्याची कला घेऊन आले. कपातलं गरम चॉकलेट, वर फेस, त्या थंडीत. सासूबाईंचा दिवस तिथे सार्थकी लागेल. हीच युक्ती ६ जानेवारीलाही चालते. तीन राजांचा सण, स्पेनमध्ये कडकडीत सुट्टी, फ्रान्समध्ये कामाचा दिवस. ६ आणि ८ डिसेंबरलाही तसंच.

२७ ला रविवारी सान सेबास्तियानचं सान तेल्मो संग्रहालय, नाहीतर आळस. २८ ला परत बिल्बाओ. हा दिवस इथला एप्रिल फूल आहे, वर्तमानपत्रात एखादी खोटी बातमी असते, टॅक्सीवाल्याने काही अचाट सांगितलं तर हसा. २९ ला तासाभराच्या बसने व्हितोरिया. फ्लोरिदा बागेत येशूजन्माचा देखावा असतो, माणसाएवढ्या मूर्ती, झाडांमधून, पाण्याकाठी, पायवाटेने फिरत पाहायचा. आपल्या गणपतीतल्या देखाव्यांवर वाढलेल्या माणसाला तो चटकन जवळचा वाटतो. व्हितोरिया उंचावर आहे, तिथे खरी थंडी, सकाळी दव गोठलेलं, कधी बर्फ. कानटोपी तिथे काढायची नाही.

किनाऱ्यावर मात्र बर्फाची स्वप्नं पाहू नका. बिल्बाओ आणि सान सेबास्तियानला दिवसा १२-१३ अंश, रात्री ५ च्या आसपास. त्रास थंडीचा नाही, पावसाचा. तो आपल्यासारखा कोसळत नाही. हवेत लोंबकळतो, छत्रीच्या खालून येतो. त्याला नाव आहे ‘चिरिमिरी’. आपल्याकडे चिरीमिरी हळूच हातात सरकवतात, इथे ती हळूच मानेत सरकते. छत्रीपेक्षा टोपीवालं पावसाळी जॅकेट घ्या आणि पाणी न शिरणारे, तळ न घसरणारे बूट. कधी दक्षिणेचा वारा सुटतो आणि एका दिवसात पारा २० वर जातो, लोक डिसेंबरात बाह्या गुंडाळून फिरतात. हाच वारा बिल्बाओच्या विमानतळावर उतरणाऱ्या विमानांना हलवून सोडतो. घाबरू नका, वैमानिकांना सवय आहे, पण सासूबाईंना खिडकी देऊ नका. आणि सूर्य सकाळी पावणेनऊला उगवतो, संध्याकाळी पाच-चाळीसला मावळतो. दिवसाला एकच मोठं काम ठेवा.

जेवणाबद्दल. ‘सिन कार्ने’, मांसाशिवाय, एवढं म्हणाल तर हमखास टुना किंवा हॅमचे तुकडे पेरलेलं काहीतरी येईल, कारण त्यांच्या लेखी मासा म्हणजे मांस नव्हे आणि हॅम म्हणजे नुसती चव. पूर्ण म्हणा: ‘सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन’. तोलोसाचा काळा राजमा थंडीत सगळीकडे असतो आणि अप्रतिम असतो, पण डुकराच्या सॉसेजबरोबर शिजवलेला आहे का हे विचारल्याशिवाय चमचा लावू नका. अंडं चालणाऱ्यांना बटाट्याचं तोर्तिया, म्हणजे जाड ऑम्लेट, कुठल्याही बारमध्ये. सासूबाईंसाठी खरं सांगायचं तर एक वेळ घरचा भात-आमटी, एक वेळ ब्रेड, भाजलेल्या मिरच्या, मश्रूम, ऑलिव्ह, फळं. इथे दुपारचं जेवण दीड ते साडेतीन आणि रात्रीचं नऊनंतर. मधल्या वेळात भूक लागली तर पिंचोंचे, म्हणजे ब्रेडवर काहीबाही ठेवलेल्या छोट्या घासांचे, बार आहेत, पण तिथल्या काउंटरवरच्या बश्यांत निम्म्याहून जास्त समुद्र असतो.

मग जानेवारीत काय आहे, की लोक शाळा बुडवायचा विचार करतात? ताम्बोर्रादा. १९ च्या मध्यरात्री, २० लागताना, त्याच कोन्स्तितुसिओन चौकात झेंडा चढतो आणि सान सेबास्तियानभर ढोल सुरू होतात. अर्धे लोक जुन्या सैनिकांच्या वेशात, अर्धे पांढऱ्या टोप्यांच्या आचाऱ्यांच्या वेशात, सैनिकांकडे ढोल आणि आचाऱ्यांकडे पिंपं. शंभराहून जास्त पथकं, २० ला दुपारी हजारो मुलांचं वेगळं, आणि २० च्या मध्यरात्री झेंडा उतरेपर्यंत थांबणं नाही. चाली एकोणिसाव्या शतकातल्या, रायमुंदो सार्रिएगीच्या. पुण्यात विसर्जनाला लक्ष्मी रोडवर उभ्या राहिलेल्या माणसाला हे काय आहे ते समजावून सांगावं लागत नाही. पण एकदा मी एका आजींची खोली हौसेने जुन्या गावात, मिरवणुकीच्या वाटेवर घेऊन दिली. पहाटे चारला त्यांचा फोन: "बाळा, हे आता थांबवायला सांग." थांबवायला कुणाला सांगणार? तेव्हापासून साठीपुढच्यांना मी त्या रात्री ग्रोस वस्तीतही नाही, थेट आंतिग्वोच्या पलीकडे झोपवते.

जानेवारीच्या मध्याला सिडरघरंही उघडतात, आस्तिगार्रागा आणि हेर्नानीच्या परिसरात, एप्रिलपर्यंत. मालक ‘चोच!’ असं ओरडतो, उच्चार अगदी आपल्या चोचीसारखा, की सगळे उठून पिंपासमोर रांग लावतात आणि भोकातून उडणारी बारीक धार ग्लासात झेलतात. जेवण ठरलेलं: कॉड माशाचं ऑम्लेट, कॉड मासा, मोठा बीफचा तुकडा, शेवटी चीज, बिहीचा मुरंबा आणि अक्रोड. शाकाहाऱ्याच्या वाट्याला शेवटचाच भाग. जानेवारीतल्या शेवटच्या रविवारनंतरच्या सोमवारी-मंगळवारी नवार्रातल्या इतुरेन आणि सुबिएता गावांत पाठीवर मोठाल्या घंटा बांधलेले, मेंढीचं कातडं पांघरलेले ‘होआल्दुन’ एका तालात चालत जातात. हे सगळं थोर आहे. पण ताम्बोर्रादा संपली की कित्येक खानावळी महिनाभराच्या रजेवर जातात, आणि अकरा वर्षांच्या मुलीला ओलेन्त्सेरो यापुढे किती वर्षं खरा वाटणार आहे? जानेवारी तुम्ही दोघंच याल तेव्हासाठी राखून ठेवा.

कागदपत्रांचं थोडक्यात. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. स्पेनमध्ये रात्री जास्त आहेत, म्हणून अर्ज स्पेनकडेच, मुंबईतल्या बीएलएस या व्हिसा अर्ज केंद्रात. बायोनची एक दिवसाची फेरी त्याने बदलत नाही. पण उद्या तुम्ही बियारित्झला सहा रात्री काढायच्या ठरवल्यात तर अर्ज फ्रान्सकडे जातो, म्हणून मुक्काम आधी पक्के करा. विम्याचं संरक्षण ३०,००० युरोंचं हवं. सप्टेंबरात अर्ज टाकला तर नोव्हेंबर चिंतेत जात नाही. सान सेबास्तियानमधलं स्वयंपाकघरवालं घर मात्र त्याही आधी धरा, रद्द करता येईल अशा अटीवर.

३० ला तुम्ही परत निघताय, म्हणजे ३१ ची बारा द्राक्षं चुकतील. रात्री बाराच्या प्रत्येक ठोक्याला एक द्राक्ष खायचं असतं, बाराच्या बारा संपली तर वर्ष चांगलं जातं म्हणतात. यासाठी सुपरमार्केटात बरोबर बारा द्राक्षांचे छोटे डबे मिळतात, सालं सोललेली, बिया काढलेली. २९ ला व्हितोरियाहून परतताना चार डबे घ्या. पाकातले असतात, त्यामुळे हातातल्या पिशवीत नको, मोठ्या बॅगेत टाका.